पाहणाऱ्यांचं रजिस्टर

तायडे सरांच्या खोलीत चहा मिळण्याआधी एक काम करावं लागे. खिडकीपाशी मायक्रोस्कोप असे आणि त्याखाली दगडाच्या पातळ कापाची एक काच लावलेली असे. आलेल्या माणसानं त्याला डोळा लावायचा आणि काय दिसतं ते सांगायचं. तोवर सर तोंड उघडत नसत. माणूस कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. प्राचार्य, पोस्टमन, प्रात्यक्षिक परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक, पंखा दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक, सगळ्यांना एकच न्याय. मग सर एक लांबट रजिस्टर ओढून त्यात तारीख, नाव आणि उत्तर लिहीत, आणि त्यानंतर चहा येई.

रजिस्टरवर त्यांनी पांढरा कागद चिकटवून 'पाहणारे' असं लिहिलं होतं. पोस्टमनला एकदा संत्र्याच्या फोडीचं सोललेलं साल दिसलं, ते तसंच नोंदलं गेलं. प्राचार्यांना 'छान' दिसलं, तेही नोंदलं गेलं. छान हे काही दिसणं नव्हे, असं मी नंतर म्हणाले, तर सर शांतपणे म्हणाले, "त्याहीले तेवढंच दिसलं न मॅडम. आपून काय करतो."

मी अमरावतीच्या त्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला लागले तेव्हा विभागात तीनच माणसं होती. विभागप्रमुख श्रावण तायडे सर, मी, आणि प्रयोगशाळेचे शब्बीरभाई. सर अकोल्याचे. रोज सकाळी गाडीनं बडनेऱ्याला उतरून ऑटोनं कॉलेजात येत आणि संध्याकाळी तसेच परत जात. अमरावतीत घर का करत नाही असं विचारलं की सांगत, गाडीत दीड तास कोणी बोलवत नाही, तेवढाच अभ्यास होतो. मी वलगावची. घरची शेती, त्यामुळे माती ओळखीची होती. दगड मात्र नांगराला लागला की बांधावर फेकायची वस्तू, एवढीच माझी दगडाशी ओळख होती. सरांनी ती वाढवली, हे मान्य करायला हवं.

दिसायला सर अगदी साधे. ठेंगणे, काळेसावळे, केसांना खोबरेल चोपडलेलं. गळ्यात बुटाच्या काळ्या नाडीला बांधलेलं भिंग, ते बनियनच्या आत टाकलेलं. बोलता बोलता गळ्यातून ते बाहेर काढत तेव्हा नवीन माणसाला वाटे, ताईत आहे. पँटचा उजवा खिसा कायम फाटलेला, कारण त्यात हातोडी. आणि दगड हातात आला की तो आधी चाटायचा. ओला केला की दगडाच्या रेघा नीट दिसतात हे खरं आहे, आणि तो ओला करायला बाटलीतलं पाणीही चालतं. पण पाणी शोधेपर्यंत दम धरणं त्यांना जमत नसे. पहिल्या सहलीला मुली हसल्या. सर म्हणाले, हसा, पण याची चव खारट आहे का मातकट ते सांगा. दोन मुलींनी खरोखर चाटून पाहिला. त्यातली एक पुढे शिक्षिका झाली आणि आता तिच्या मुलांना घेऊन सहलीला जाते, असं ऐकलं.

सर काय शोधत होते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर बाकी सगळं वेडेपणाचं वाटेल. थोडं वेडेपणाचं होतंही. त्यांना जुन्यात जुन्या दगडात जीव सुरू झाल्याची खूण हवी होती. हाडं नाहीत, शिंपले नाहीत, पानाचा ठसा नाही. त्या काळात यातलं काहीच नव्हतं. असलाच तर केसाहून कितीतरी बारीक असा एखादा तंतू, एखादा काळा ठिपका, लाटलेले पापड एकावर एक ठेवावेत तसे नागमोडी थर. दगड गारेसारखा कडक असेल आणि नशीब चांगलं असेल तर तेवढं त्यात अडकून राहतं.

आता आमचा वऱ्हाड म्हणजे काळ्या लाव्ह्याचा दगड. तप्त रसाचा थरावर थर. त्यात जीव शोधणं म्हणजे तव्यात मासे शोधणं, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणत. सरांनाही ते ठाऊक होतं. पण मोर्शीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यात हा काळा दगड संपतो आणि त्याच्या खालून फार जुना दगड डोकं वर काढतो. त्या जुन्या दगडात सरांना बोटभर जाडीची एक काळपट, गारेसारखी पट्टी सापडली होती. बोटभर म्हणजे अक्षरशः बोटभर. तिच्यासाठी त्यांनी वीस वर्षांच्या सुट्ट्या घालवल्या.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. मोर्शीला बस सोडून आम्ही संत्र्याच्या बागांमधून चालत निघालो. एका बागवाल्यानं सरांच्या हातातली हातोडी पाहिली आणि हे पाणी पाहणारे साहेब आहेत असं ठरवून टाकलं. त्यानं खाट टाकली, संत्री आणली, आणि विहीर कुठे घ्यावी ते विचारलं. सरांनी सांगितलं की मला पाणी नाही, दगड पाहिजे. बागवाल्याला ते पटेना. दगड पाहायला कोणी अकोल्याहून येतं का? शेवटी सर तासभर त्याच्या शेतात फिरले, जमिनीचा उतार पाहिला, बांधावरची झाडं पाहिली आणि एक जागा दाखवली. बदल्यात काय द्यायचं असं बागवाल्यानं विचारलं, तर म्हणाले, विहीर खोदाल तेव्हा अगदी तळाचा शेवटचा दगड ठेवून द्या माझ्यासाठी. पुढच्या वर्षी खरंच एक माणूस पोत्यात धोंडा घालून कॉलेजच्या फाटकात उभा राहिला. धोंडा काळा, लाव्ह्याचाच होता, सरांच्या काहीच कामाचा नव्हता. पण पाणी लागलं होतं. सरांनी त्या माणसालाही आधी मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला, मगच चहा दिला.

त्या सहलीहून परतताना एस.टी.त कंडक्टरनं सरांच्या पिशवीला हात लावला आणि एवढं वजन कशाचं म्हणून विचारलं. सामानाचं तिकीट घ्यावं लागेल, म्हणाला. सर गंभीरपणे म्हणाले, "याचं वय पाहा भाऊ. ज्येष्ठ नागरिकाले सवलत नाही काय?" कंडक्टरनं पिशवीत डोकावून पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि पुढच्या सीटकडे गेला.

पहिल्या वर्षाच्या वर्गात सरांचा पहिला तास ठरलेला असे. फळ्यावर काही लिहायचं नाही. एकेकाला उभं करून विचारायचं, वडिलांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं, त्यांच्या वडिलांचं. चौथ्या-पाचव्या नावाला बहुतेकांची गाडी अडे. एखाद्या मोठ्या घरचा मुलगा अकरा-बारा पिढ्या सांगे, त्याला सर शाबास म्हणत. मग स्वतःचं सांगत. त्यांचे वडील अकोल्याच्या एका जिनात कामाला होते. सरकीपासून कापूस वेगळा करायच्या त्या कारखान्यातून संध्याकाळी घरी येत तेव्हा केस, भुवया, मिशा सगळं पांढरं झालेलं असे. लहानपणी सरांना वाटे, बाप रोज म्हातारा होऊन येतो आणि आंघोळ केली की तरुण होतो. आजोबांचं नाव सरांना माहीत होतं. त्यामागचं नव्हतं. वडील म्हणायचे की आपला इतिहास छप्पन सालापासून सुरू होतो, दीक्षा घेतली तेव्हापासून. त्याआधीचं आपलं कोणी लिहून ठेवलं नाही.

"मंग मी म्हटलं," सर वर्गाला सांगत, "ज्याच्याजवळ मधलं नाही, त्यानं एकदम सुरुवातच शोधाव. तिथं आडनाव नसते."

हे मी दरवर्षी ऐकायची. दरवर्षी वर्ग हसायचा आणि मग वह्या उघडायचा.

दगडाचा काप करणं हे कष्टाचं काम आहे. दगडाची चकती कापायची, तिची एक बाजू काचेच्या तावदानावर पाणी आणि घासणीची पावडर टाकून गुळगुळीत करायची, पुसायची, राळेनं छोट्या काचपट्टीवर चिकटवायची, आणि मग दुसरी बाजू घासत घासत इतकी पातळ करायची की दगडातून उजेड आरपार जावा. कॉलेजात यंत्र होतं, पण ते बंदच असे. सर हातानं घासत. सरांच्या बोटांच्या टोकांवर रेघा उरल्या नव्हत्या. सरकारी कामात अंगठा घेतात त्या मशीनला त्यांचा अंगठा कधी लागला नाही. पुसायच्या चिंध्या शब्बीरभाई आणत. त्यांच्या भावाचं गाद्यांचं दुकान होतं, तिथल्या जुन्या खोळी धुऊन, फाडून, घड्या घालून ते विभागात ठेवत. मायक्रोस्कोपची भिंगं पुसणं, काचा पुसणं, टेबलं पुसणं हे शब्बीरभाईंचं काम. ते इतक्या निगुतीनं करत की मला कधी त्यांना काही सांगावं लागलं नाही.

आणि एका पावसाळ्यात सरांना तो तंतू दिसला.

मी वर्गात होते. दारात येऊन त्यांनी मला हातानं बोलावलं, तास अर्धवट सोडून. सर कधी कोणाचा तास मोडत नसत. खोलीत गेले तर खिडकी बंद, दिवा लावलेला. मायक्रोस्कोपकडे बोट दाखवून ते बाजूला उभे राहिले. मी डोळा लावला. काळपट दगड, गारेचे बारीक कण, आणि मधोमध एक लांब, चपटा, अधूनमधून पीळ पडलेला तंतू. सुंदर होता. मी उजेडाचा फिल्टर आडवा लावला. जुन्या जिवाचं जे उरतं तो एक प्रकारचा कोळसा असतो, तो अशा उजेडात चमकत नाही. हा तंतू चमकला. मोत्यासारखा.

माझ्या मनात आलं की हे फार नवं दिसतं आहे. एवढंच आलं. पुढचं मी येऊ दिलं नाही, कारण डोळा काढून वर पाहिलं तर सरांचा चेहरा समोर होता. ज्या माणसानं पंधरा वर्षांत माझ्यासमोर कधी दात दाखवले नव्हते, तो हसत होता. चमक त्यांनीही पाहिली होती. त्या जिवाची जागा पुढे गारेनं घेतली असेल, असं त्यांनी मला न विचारता समजावलं. तसं घडतंही. मी मान डोलावली. सरांनी रजिस्टर पुढे केलं आणि मी सांगितलं, "सजीवाचा तंतू." त्यांनी लिहून घेतलं. ते उत्तर मी त्यांना बरं वाटावं म्हणून दिलं होतं, पाहून दिलं नव्हतं. त्याची लाज मला त्या दिवशी वाटली नाही, पुढे वाटली आणि अजून वाटते.

सर घाई करणारे नव्हते. आठ-नऊ महिने त्यांनी ती काच येईल त्याला दाखवली. पाहणाऱ्यांनी गांडूळ सांगितलं, सुतळी सांगितली, रिबीन सांगितली. सरांचं एक म्हणणं होतं की जाणत्या माणसाला जे पाहायचं असतं तेच दिसतं, म्हणून अजाणत्याला विचारावं. पण आता नोंद झाली की ते स्वतःशी हसत आणि मनात काहीतरी जुळवत. मग त्यांनी लेख लिहिला, एका संशोधन पत्रिकेकडे पाठवला आणि तो स्वीकारल्याचं कळवणारी मेल आली. सरांनी ती छापून दोनदा घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

कॉलेजला बातमी लागली. प्राचार्यांनी मंगळवारचा सत्कार ठरवला. फाटकावर सरांच्या फोटोचा फलक लागला, 'जीवसृष्टीच्या उगमाचा वेध'. एका स्थानिक वर्तमानपत्रात 'वऱ्हाडाच्या मातीत पहिला जीव' असं छापून आलं. सरांनी ते वाचून फक्त एवढंच म्हटलं की माती नाही, दगड. पण अकोल्याच्या घरी त्यांनी ते कात्रण वडिलांच्या फोटोखाली ठेवलं होतं, हे मला वहिनींकडून, म्हणजे त्यांच्या पत्नीकडून, नंतर कळलं.

सत्काराच्या आधीचा शनिवार. पाहुण्यांना दाखवायला मायक्रोस्कोप सभागृहात न्यायचा होता. शब्बीरभाईंनी तो पुसून, काच लावून, सगळं तयार ठेवलं. सर रजिस्टरची पानं उलटत होते. सत्कारात सांगायला आतापर्यंत कितीजणांनी पाहिलं ते मोजावं, असं त्यांच्या मनात होतं. मोजता मोजता थांबले आणि म्हणाले, "शब्बीरभाई, तुमचं नावच नाही याच्यात. तुमी कधी पाह्यलं नाही काय?"

शब्बीरभाई म्हणाले, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

सरांनी त्यांना खुर्ची दिली. शब्बीरभाईंनी चष्मा वर केला, डोळा लावला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. सर पेन उघडून बसले होते.

"साफ करून देऊ काय सर?" शब्बीरभाईंनी विचारलं.

"काय साफ?"

"काच. चिंधीचा तंतू राह्यला याच्यात. मी रोज पुसतो न, मले मालूम आहे. एखादा चिकटून राह्यला का असाच दिसते, चपटा, पीळ खाल्लेला." मग काहीतरी बिघडलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते उभे राहिले. "गलती माझी असन सर. चिंधी मीच आणतो."

मी सरांकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहत राहिले. सर उठले, मायक्रोस्कोपपाशी बसले आणि बारीक चाकी हळूहळू फिरवायला लागले. तंतू स्पष्ट झाला की दगडाचे कण अस्पष्ट होत. कण स्पष्ट झाले की तंतू पुसट होई. म्हणजे तंतू दगडात नव्हता, दगड आणि काच यांच्यामधल्या राळेत होता. दगड चिकटवण्याआधी पुसला तेव्हा मागे राहिलेला. ही तपासणी आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो.

मग सरांनी एक चिंधी घेतली, तिचा एक धागा उसवला, धाग्यातला एक तंतू ओढला आणि शेजारच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. जवळपास अर्धा तास ते एकदा यात, एकदा त्यात पाहत होते. जिनातल्या कामगाराचा मुलगा आणि शेजारी मी, वलगावच्या कापसाच्या वावरात वाढलेली. आमच्या दोघांच्या नाकातोंडात जन्मापासून कापूस गेलेला. ओळखला तो तिसऱ्यानं.

शेवटी सरांनी रजिस्टर ओढलं. तारीख, नाव, 'चिंधीचा तंतू'. त्याखाली आणखी एक नोंद केली. स्वतःचं नाव आणि पुढे एकच शब्द, 'बरोबर'. मग शब्बीरभाईंना म्हणाले, "चिंधी तुमची, तं नजर बी तुमचीच. बसा, चहा घ्या." लेख मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी त्याच टेबलावर लिहिलं. चूक कोणी दाखवली त्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा त्यात घातला.

प्राचार्यांचं म्हणणं पडलं की एवढा कार्यक्रम होऊन जाऊ द्यावा, पत्र नंतर पाठवता येईल. निमंत्रणं गेली आहेत. सर म्हणाले, कार्यक्रम होऊ द्याच.

मंगळवारी सभागृहात त्यांनी टेबलावर दोन मायक्रोस्कोप शेजारी शेजारी ठेवले. एकात दगडाची काच, दुसऱ्यात चिंधीचा तंतू. प्रमुख पाहुण्यांपासून सगळ्यांना रांगेनं दोन्हीत पाहायला लावलं आणि मग माईकसमोर उभे राहून काय झालं ते सांगितलं. फार थोडक्यात, लेक्चरला लावत तोच आवाज लावून. शेवटी म्हणाले, "वीस वर्षं मी सगळ्याइले इचारलं. जो माणूस रोज काच पुसते त्याले इचारलं नाही. दगडाची चूक लहान आहे, हे मोठी आहे. माह्या बापाले जिनात जन्मभर कोणी काही इचारलं नाही. मले तं समजाले पाह्यजे होतं."

कोणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. शब्बीरभाई मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. प्राचार्यांनी गोंधळून ठरल्याप्रमाणे शाल पुढे केली. सरांनी ती दोन बोटांत धरून तपासली आणि विचारलं की लोकरीची आहे न. सुती असती तर घेतली नसती, असं सांगून ती खांद्यावर टाकली. तेव्हा मात्र सभागृह हसलं. त्या हशात मी उठून सांगायला हवं होतं की मला चमक दिसली होती आणि मी गप्प राहिले. मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी सर मला चिडवत म्हणाले की तुमची नोंद काही चूक नाही, कापूसही सजीवच. मी हसले. बरं वाटलं नाही.

त्यानंतर सरांनी कापूस सोडला. नोकरीची उरलेली सहा वर्षं ते टेरिलीनचे शर्ट घालत, घामानं पाठ ओलीगच्च. चिंध्या गेल्या, रबरी फुग्यानं हवा मारून काच वाळवणं आलं. आणि नवा नियम झाला. शब्बीरभाईंनी पाहिल्याशिवाय कोणतीही काच कपाटात जायची नाही. त्या वर्षांचं रजिस्टर चाळलं तर पानोपानी त्यांचंच नाव आहे आणि पुढे दोनच प्रकारची उत्तरं, 'साफ आहे' किंवा 'साफ नाही'. आधी शब्बीरभाई निवृत्त झाले, मग सर. सर जाताना रजिस्टर घरी घेऊन गेले. विभागाच्या मालमत्तेत त्याची नोंद नव्हती.

गेल्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. "शब्बीरभाईचे गुडघे गेले, माहे डोये गेले. एक काच पाह्याची आहे. तुमी या."

मी दुपारच्या गाडीनं अकोल्याला उतरले. ऊन असं की ऑटोच्या सीटला हात लावता येईना. वहिनींनी दार उघडलं आणि हसत आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. खोलीत टेबलाभोवती छताला टांगलेली मोठी नायलॉनची मच्छरदाणी होती आणि भर दुपारी तिच्या आत सर बसले होते. टेरिलीनचा शर्ट, बंद पंखा. पंख्यानं तंतू उडतात. वहिनी म्हणाल्या, डास नाही येथे एकही, कापसाची पहारेदारी आहे ही.

सरांच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडा शिल्लक होत्या. मी आत जाऊन स्टुलावर बसले तेव्हा ते माझ्या खांद्यापलीकडे पाहत म्हणाले की तुमचे कान दिसून राहिले, चेहरा नाही. दगड ते अजून घासत होते, बोटाच्या अंदाजानं. पुरेसा पातळ झाला का ते वहिनी पाहत. काप वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि दगडातून अक्षर वाचता आलं की थांबायचं. त्या काळपट बोटभर पट्टीचा हाच शेवटचा तुकडा होता. नाल्यावर आता बंधारा झाला आहे आणि ती जागा पाण्याखाली गेली आहे. हे त्यांनी सहज सांगितलं. या काचेत नसेल तर आता कुठेच पाहायला मिळणार नव्हतं.

"दिसन ते सांगा," ते म्हणाले. "मले बरं वाटाव म्हणून नोका सांगू."

मी डोळा लावला. काच इंचाइंचानं सरकवत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले. मग फिल्टर आडवा लावून पुन्हा पहिल्यापासून. घाम पापणीवरून भिंगावर उतरत होता, तो मी बाहीनं पुसायला गेले आणि थांबले, कारण माझा कुर्ता सुती होता. सर हात मांडीवर ठेवून बसले होते. ते हात एकमेकांना घट्ट धरून होते. मला फार वाटलं की काहीतरी असावं. एखादा ठिपका तरी. मी तिसऱ्यांदा पाहिलं.

"दगड आहे सर," मी म्हणाले. "नुसता दगड."

"तंतू?"

"एकही नाही."

"कापसाचा बी नाही?"

"नाही."

मग त्यांचे हात सुटे झाले. "मंग काच साफ झाली," सर म्हणाले. "शब्बीरभाईले फोन करून सांगा." आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. त्यांना आता लिहिता येत नव्हतं, म्हणून माझी नोंद मलाच करायची होती. मी तारीख घातली, नाव घातलं, 'नुसता दगड' लिहिलं. मग माझा हात आपोआप मागे गेला. पानं उलटत उलटत मी त्या पावसाळ्यापर्यंत पोचले, जिथे सरांच्या अक्षरात माझं नाव होतं आणि पुढे 'सजीवाचा तंतू'. पेन उघडंच होतं.

सरांनी पानांचा आवाज ऐकला असावा. मान वर न करता ते म्हणाले, "मागचं खोडू नोका मॅडम. माह्याकडं पाहून सांगतलं होतं तुमी, मले मालूम आहे. राहू द्या तसंच."

मी पेन बंद केलं. वहिनींनी जाळीबाहेरून चहा झाल्याचं सांगितलं. सर उठले नाहीत. त्यांनी टेबलाखालच्या डब्यात हात घालून चाचपडत दुसराच कुठलासा दगड काढला, तो चाटला, आणि तोंड थोडं वाकडं करून कडेच्या नजरेनं त्याच्याकडे पाहत राहिले.